नोकरी, ओळख आणि क्रमांक

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• दाखला, ओळखपत्र आणि क्रमांक यांतील फरक सांगता येईल.
• आधार, पॅन, सार्वत्रिक खाते क्रमांक आणि विमा क्रमांक यांचे नोकरीतील कार्य स्पष्ट करता येईल.
• नावातील तफावतीची कारणे ओळखून ती दूर करण्याचा क्रम ठरवता येईल.

१. प्रास्ताविक

नियुक्तिपत्राबरोबर कागदपत्रांची एक यादी येते. ती पूर्ण करणे ही केवळ औपचारिकता आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पुढील अनेक वर्षांचे वेतन, बचत, औषधोपचार आणि निवृत्तिवेतन त्या वेळी झालेल्या नोंदींवर अवलंबून असते. नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही, एवढ्याच कारणाने स्वतःच्या कष्टाचा निधी अडकून पडणे हा अनुभव कामगारांना नवा नाही. म्हणूनच कोणता कागद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

२. दाखला, ओळखपत्र आणि क्रमांक

दाखला एखादी वस्तुस्थिती प्रमाणित करतो. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वय व अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला ही त्याची उदाहरणे होत. ओळखपत्र समोरची व्यक्ती तीच आहे, हे दाखवते. मतदार ओळखपत्र व पारपत्र या वर्गात येतात. क्रमांक मात्र व्यक्तीला एका विशिष्ट नोंदवहीशी जोडतो. ती नोंदवही कराची असेल, बचतीची असेल किंवा विम्याची.

हा भेद ध्यानात न घेतल्यास एका कागदाकडून दुसऱ्याचे काम अपेक्षिले जाते. जन्मतारखेचेच उदाहरण घेऊ. आधारवर जन्मतारीख छापलेली असते, म्हणून ते जन्माचा पुरावा आहे, असा समज रूढ आहे. परंतु जानेवारी 2024 मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळले. त्याच वर्षी अपघात-भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधारवरील तारखेऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी तर शासकीय नियुक्तीसह अनेक कामांत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा मानण्याची तरतूद झाली आहे.

३. नोकरीशी निगडित प्रमुख क्रमांक

३.१ आधार : भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना 2009 मध्ये झाली आणि देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. हा 12 अंकी क्रमांक बोटांचे ठसे, बुबुळे व छायाचित्र यांच्याशी जोडलेला असतो. ‘ही व्यक्ती तीच का?’ या प्रश्नाचे उत्तर तो देतो. 2016 च्या कायद्यानुसार तो नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा मात्र नाही. आधारची प्रत कोठे देताना केवळ शेवटचे चार अंक दिसतील अशी प्रत वापरण्याची सोय आहे. पूर्ण क्रमांक आवश्यक नसेल तेथे तीच द्यावी.

३.२ पॅन : प्राप्तिकर विभागाचा हा स्थायी खाते क्रमांक 10 चिन्हांचा असतो : पाच अक्षरे, चार अंक आणि एक अक्षर. चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते. व्यक्तीसाठी ते ‘पी’ असते. पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. वेतन करपात्र असूनही कर्मचाऱ्याने पॅन दिला नाही, तर किमान 20 टक्के दराने करकपात होऊ शकते.

३.३ सार्वत्रिक खाते क्रमांक : भविष्य निर्वाह निधीत कर्मचारी व आस्थापना या दोघांचा वाटा जमा होतो, तो सर्वसाधारणपणे वेतनाच्या 12 टक्के असतो. पूर्वी नोकरी बदलली की नवे खाते निघे आणि जुने मागे राही. 2014 पासून प्रत्येक सदस्यास 12 अंकी कायम क्रमांक मिळू लागला. आस्थापना बदलल्यास सदस्य क्रमांक बदलतो, सार्वत्रिक क्रमांक तोच राहतो. म्हणून नव्या ठिकाणी रुजू होताना जुना क्रमांक अवश्य कळवावा. अन्यथा दुसरा क्रमांक निघून बचत दोन ठिकाणी विभागली जाते.

३.४ विमा क्रमांक : 1948 च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजनेचा पाया घातला. 2017 पासून दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणारे कर्मचारी तिच्या कक्षेत येतात. 10 अंकी विमा क्रमांकाच्या आधारे कर्मचाऱ्यास व त्याच्या कुटुंबीयांस वैद्यकीय सेवा मिळते. म्हणून कुटुंबीयांची नावे नोंदली गेली आहेत की नाही, हे आजारपण येण्यापूर्वी पाहणे हिताचे.

असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट 2021 मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. तिच्या क्रमांकालाही ‘सार्वत्रिक खाते क्रमांक’ असेच म्हणतात व तोही 12 अंकी असतो. परंतु त्याचा भविष्य निर्वाह निधीच्या खात्याशी संबंध नाही.

४. नावातील तफावत

हे सर्व क्रमांक एकमेकांशी जुळतात ते नाव, जन्मतारीख व लिंग या नोंदींवरून. यांपैकी नाव सर्वांत अस्थिर. त्याची कारणे भाषिक आहेत, तशीच सामाजिकही.

पहिले कारण लिप्यंतराचे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी उच्चारानुसार रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’ने सुरू होते, हिंदी उच्चारानुसार लिहिणारा लेखनिक ‘जी-वाय’ लिहितो. देवनागरीत एकच असलेले नाव संगणकाला दोन वाटतात. दुसरे कारण रचनेचे. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी रूढ आहे. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येते, अन्यत्र शेवटी. कोठे मधले नाव पूर्ण, तर कोठे केवळ आद्याक्षर असते.

तिसरे कारण विवाहाचे. विवाहानंतर नाव बदलणे कायद्याने बंधनकारक नाही. तरीही रूढीने अनेक स्त्रियांचे मधले नाव व आडनाव दोन्ही बदलतात. शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा आणि बँक खाते तिसऱ्याच रूपात, अशी स्थिती निर्माण होते. संसारातून वेळ काढून शिक्षण पूर्ण करणाऱ्या व नव्याने नोकरी शोधणाऱ्या स्त्रीला या विसंगतीची झळ विशेष बसते.

५. दुरुस्तीचा क्रम

(१) प्रथम सर्व कागद समोर ठेवून नाव व जन्मतारीख यांचा तक्ता करावा. (२) नावाचे एक रूप निश्चित करावे. (३) नाव बदलले असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धी हा पुरावा तयार ठेवावा. (४) आधी आधारमध्ये दुरुस्ती करावी, कारण इतर नोंदी त्याच्याशी पडताळल्या जातात. (५) त्यानंतर पॅन, बँक खाते आणि शेवटी भविष्य निर्वाह निधीची नोंद दुरुस्त करावी.

सारांश

दाखला वस्तुस्थिती सांगतो, ओळखपत्र व्यक्ती दाखवते आणि क्रमांक व्यक्तीला नोंदवहीशी जोडतो. आधार ओळखीचा, पॅन कराचा, सार्वत्रिक खाते क्रमांक बचतीचा, तर विमा क्रमांक उपचारांचा. या सर्वांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे एकसारखे लिहिलेले नाव. नोंदीतील चूक रुजू होतानाच दुरुस्त केली, तर हक्काचा पैसा गरजेच्या वेळी हाती येतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. आधार हा जन्मतारखेचा पुरावा का मानता येत नाही, ते सोदाहरण लिहा.
२. नोकरी बदलताना जुना सार्वत्रिक खाते क्रमांक न कळवल्यास काय होते?
३. तुमच्या स्वतःच्या कागदपत्रांतील नावांचा तक्ता करा व आढळलेल्या प्रत्येक तफावतीचे कारण लिहा.