तारा लावल्यावर हिरड्यांतून रक्त का येतं?

परवा मामेबहिणीचा फोन आला. दहावीत आहे, चार महिन्यांपूर्वी दातांना तारा लावल्यात. "ताई, ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं. म्हणून मी आता तिथे ब्रश लावतच नाही."

मी दातांची डॉक्टर नाही. पण माझी पीएचडी बायोफिल्मवर आहे, म्हणजे एखाद्या पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जिवाणूंच्या थरावर. आणि ती करत होती ते नेमकं उलटं होतं. तिला फोनवर सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतेय.

पहिली गोष्ट: तारांमुळे तोंडात काही वेगळेच जिवाणू येतात असं नाही. ते बहुतेक आधीपासूनच असतात, आपल्या नकळत. तारा फक्त त्यांना जागा करून देतात. ब्रॅकेटच्या कडा, तारेखालची फट, रबराच्या छोट्या रिंगा इथे जीभ, लाळ आणि ब्रश नीट पोचत नाहीत. साहजिकच थर जाड होत जातो. थर जाड झाला की त्यात कोण जास्त वाढणार हेही बदलतं.

दातावर, ब्रॅकेटच्या भोवती, गोड खाऊन आम्ल तयार करणाऱ्यांचं फावतं. स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा त्यातला प्रसिद्ध. तिथला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं.

हिरडीच्या कडेला मात्र वेगळी मंडळी वाढतात. त्यांना ऑक्सिजन नकोसा असतो आणि खायला साखरेपेक्षा प्रथिनं लागतात. थर साचला की शरीर त्याला प्रतिकार करतं, हिरडी सुजते. सुजलेल्या हिरडीतून प्रथिनांनी भरलेला द्रव जास्त पाझरतो. शिवाय सुजेमुळे दात आणि हिरडीमधली खाच खोल होते, तिथे हवा कमी पोचते. म्हणजे खाणं वाढलं आणि ऑक्सिजन घटला, दोन्ही त्यांच्या सोयीचं! मग सूज आणखी वाढते. सुजलेली हिरडी ब्रश लागताच रक्त सोडते, आपण घाबरून ब्रश बंद करतो आणि चक्र पूर्ण होतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाहीये. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हूस इथल्या हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, थरातल्या जिवाणूंची घडणही बदलली. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर हिरड्या पूर्ववत झाल्या. माझ्या बहिणीने हाच प्रयोग नकळत स्वतःवर सुरू केला होता.

यातली दिलासा देणारी बाजू अशी, की ही सूज बहुतेकदा परत फिरते. तारा निघाल्यावर जिवाणूंचं प्रमाणही बऱ्याच अंशी मूळपदावर येतं. पण एनॅमल तितकं उदार नाही. आम्लामुळे ब्रॅकेटभोवती पडणारे पांढरे डाग महिनाभरातही दिसू लागतात आणि तारा काढल्यावर ते थोडे फिके झाले तरी अनेकदा कायमचे राहतात. दात सरळ, पण त्यावर चौकटीसारखे डाग!

मोठ्या वयात तारा लावणार असाल तर आधी हिरड्या तपासून घ्या. हिरड्यांचा आजार हाडापर्यंत गेलेला असेल आणि तो आटोक्यात आणायच्या आधीच दात सरकवले, तर हाडाची झीज वाढू शकते. ती सहसा आपोआप भरून येत नाही.

मग करायचं काय? मऊ ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट. ब्रश थोडा तिरका धरून ब्रॅकेटच्या वरून आणि खालून वेगवेगळं घासायचं. तारेखाली छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवायचा. सारखं गोड, चिकट खाणं टाळायचं. नुसती चूळ भरून हा थर निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो. रक्त आलं तर तिथे हलक्या हाताने, पण नक्की घासायचं. दोन आठवडे नीट घासूनही थांबलं नाही, तर सरळ डॉक्टरकडे जायचं.

काल तिचा मेसेज आला: "रक्त कमी झालंय. पण ब्रश करायला दहा मिनिटं लागतात गं!"

लागू देत.