गुणपत्रिकेपलीकडचे मूल्यमापन

वैनगंगेकाठच्या वडसा (देसाईगंज) परिसरात धान हे मुख्य पीक. शेतातील पंप वा भातगिरणीची मोटार बंद पडली, की जाणकार कारागिराची गरज भासते. असे कारागीर घडावेत म्हणून राज्यात १९८८-८९ मध्ये उच्च माध्यमिक स्तरावर किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले. मात्र कौशल्य केवळ वार्षिक परीक्षेत जोखता येत नाही.

अर्थिंगची तार जोडायची राहिली तरी मोटार फिरते. पण ओल्या बांधावर तीच चूक जिवावर बेतू शकते. काम चालू असतानाच शिक्षकाने 'ही तार कुठे जोडायची आणि का?' असे विचारले, तर चूक तेथेच सुधारते. निरीक्षण, तोंडी प्रश्न, परस्परांच्या कामाची तपासणी हेच अनौपचारिक मूल्यमापन. पहिली ते आठवीसाठी २०१० मध्ये आलेल्या 'आकारिक मूल्यमापना'मागेही हाच विचार आहे.

झाडीबोली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची लेखी प्रमाण मराठीत अडखळ होते. त्याच्या हातातले कौशल्य मात्र येथे दिसते. अर्थात, शिक्षकाची मर्जी हाच निकष ठरू नये. त्यासाठी सर्वांना समान कसोटी आणि नियमित नोंदवही आवश्यक आहे.