काम नेमके अडते कुठे?

उत्पादन घटले की पहिला ठपका कामगारावर बसतो. कारखान्यात नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांना हे नवे नाही. म्हणूनच आम्ही त्यांना 'द गोल' वाचायला सांगतो. इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी जेफ कॉक्स यांच्यासोबत लिहिलेली ही कादंबरी १९८४ साली आली.

व्यवस्थापक अ‍ॅलेक्स रोगोकडे तीनच महिने आहेत. नाहीतर कारखान्याला टाळे. रोबो आले, कार्यक्षमतेचे आकडे वाढले, तरी माल वेळेवर जात नाही. उत्तर सापडू लागते ते मुलांच्या स्काउट सहलीत. हर्बी मागे पडतो आणि रांग लांबत जाते. अ‍ॅलेक्स त्याला सर्वांत पुढे आणतो. रांग एकत्र येते, पण वेग हर्बीचाच. मग त्याची सॅक उघडतात, तर आत लोखंडी तव्यापर्यंत सगळे! ओझे वाटून घेतल्यावर सगळेच भराभर चालू लागतात.

कारखान्यातले हर्बी दोन: एक स्वयंचलित यंत्र आणि एक भट्टी. तिथे वाया गेलेला तास म्हणजे अख्ख्या कारखान्याचा तास. बाकीची यंत्रे कितीही पळवली तरी अर्धवट मालाचे ढीगच वाढतात. मग जेवणाच्या सुट्टीतही ते यंत्र थांबणार नाही अशी सोय होते, सदोष भाग त्यावर चढण्याआधीच बाजूला काढले जातात, जुनी यंत्रे पुन्हा कामाला लावली जातात.

कादंबरी व्यवस्थापकाच्या खुर्चीतून लिहिली आहे, कामगार तिच्यात कमीच बोलतो, ही आमची तक्रार आहेच. तरी उद्या साहेबांनी ठपका ठेवलाच, तर आधी पाहा: मालाचा ढीग कोणत्या यंत्रापुढे साचलाय?