रायपूरची छावणी आणि युद्धेतिहासाचे अध्ययन

१८ जानेवारी १८५८ रोजी सायंकाळी रायपूरच्या छावणीत तिसऱ्या पलटणीचा सार्जंट मेजर सिडवेल याची त्याच्या निवासस्थानी हत्या झाली. हल्ल्याचा सूत्रधार हनुमानसिंह त्याच पलटणीत ‘मॅगझीन लष्कर’ होता. म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारावरील कनिष्ठ कर्मचारी. अपेक्षेप्रमाणे उठाव पसरला नाही. हनुमानसिंह निसटला, परंतु त्याचे सतरा साथीदार पकडले गेले आणि २२ जानेवारीला त्यांना फाशी देण्यात आली. त्यांत हिंदू होते तसेच मुसलमानही. शिपाई होते तसेच गोलंदाजही.

युद्धेतिहास किंवा आंतरराष्ट्रीय इतिहास म्हटला की पदवीच्या विद्यार्थ्यापुढे वॉटर्लू, व्हर्दून, स्टालिनग्राड अशी दूरची नावे उभी राहतात. वस्तुतः रायपूरच्या या एका सायंकाळचा उलगडा करावयाचा तरी त्याला बरेच दूर जावे लागते. मुळात ही पलटण येथे आली कोठून?

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून १७८७ पर्यंत कारभार पाहिला आणि छत्तीसगडच्या दप्तरात मराठी भाषा व मोडी लिपी रुजली. भोसल्यांच्या सत्तेला पहिला मोठा तडा गेला तो १८०३ मध्ये, असई, अडगाव व गाविलगड येथे. या मोहिमेची कारणे केवळ दख्खनमध्ये शोधून भागत नाही. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरल्यापासून गव्हर्नर जनरल वेलस्ली यांना भारतीय दरबारांतील फ्रेंच अधिकाऱ्यांची धास्ती वाटत होती. असईला शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन हा मात्र जर्मनीतील हानोव्हरचा होता. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेला. शिवाय इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या राष्ट्रांच्या माणसांना नोकरीत न ठेवण्याचे बंधनही आले. युरोपातील वैराची छाया अशी नागपूरच्या दरबारावर पडली.

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर छत्तीसगड इंग्रज अधीक्षकांकडे गेले. १८१८ मध्ये ॲग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले. १८३० मध्ये प्रदेश भोसल्यांना परत मिळाला, पण तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले. इंग्रजांनी त्यानंतर नागपूर इर्रेग्युलर फोर्स उभारली. सिडवेल तिच्याच तिसऱ्या पलटणीत होता.

१८५७ च्या कारणपरंपरेतील एनफील्ड रायफल क्रिमियन युद्धात वापरली गेली होती. चीनकडे निघालेल्या ब्रिटिश फौजा तर वाटेतूनच भारताकडे वळविण्यात आल्या. क्रिमिया व चीन या प्रकरणांकडे आंतरराष्ट्रीय इतिहासाचा एक पाठ म्हणून पाहणारा विद्यार्थी १८५७ वेगळ्याच नजरेने वाचतो.

पुरावा कसा तोलावा, याचाही धडा रायपुरातच आहे. १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्य उपाशी रयतेला वाटणारे सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात मृत्युदंड देण्यात आला. छावणीतील प्रकार त्यानंतर अवघ्या एकोणचाळीस दिवसांनी घडला. सरकारी पत्रव्यवहार फाशीचा उल्लेख करतो. १९८७ च्या टपाल तिकिटावर मात्र नारायणसिंह तोफेपुढे बांधलेले दिसतात. लोकस्मृतीला खोटे ठरविण्याची घाई नको. ती केव्हा व का घडली हाही इतिहासच आहे. परंतु दोन्ही साधनांचे वजन सारखे मानून चालत नाही.

अडचण आहे ती विषयांच्या वाटणीची. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात इतिहासाची अध्ययनशाला आहे. शासकीय नागार्जुन विज्ञान महाविद्यालयात संरक्षण अध्ययन शिकविले जाते. पहिला विषय दप्तर वाचावयास शिकवितो, दुसरा सैन्यरचना, भूगोल व सामरिक नीती. नागपूर इर्रेग्युलर फोर्ससारख्या विषयास दोन्ही लागतात. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर १९२८ मध्ये ग्रंथ लिहिला तो मूळ कागदपत्रांच्या बळावर. आजचा विद्यार्थी पुष्कळदा दुय्यम पुस्तकांवरच थांबतो, आणि त्याचा सर्व दोष त्याच्याकडे जात नाही.

स्वातंत्र्योत्तर युद्धांबाबत साधनांची वाट आणखी अरुंद आहे. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल शासनाने प्रसिद्ध केलेला नाही. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धेतिहासाविषयीचे धोरण जाहीर केले. त्यानुसार युद्धदैनंदिन्या व मोहिमांची कागदपत्रे मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवावयाची असून, अभिलेख सामान्यतः २५ वर्षांत खुले व्हावेत, अशी अपेक्षा आहे. कोणत्या कालखंडावर प्रबंध लिहावा हे ठरविताना मार्गदर्शकांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

एकोणिसाव्या शतकासाठी मात्र असा अडसर नाही. ॲग्न्यू यांचा छत्तीसगड सुभ्यावरील १८२० चा अहवाल इंग्रजीत आहे; भोसलेकालीन कारभाराची मूळ कागदपत्रे मोडीत. रायपुरातील मराठी घरांतील विद्यार्थ्याला भाषा आधीच अवगत असते, राहते ती लिपी, आणि ती काही महिन्यांच्या सरावाने साध्य होते. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. त्याचे एक अभिलेखागार नागपुरात, रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे.