बेसबॉलमध्ये कोण कुठे उभं राहतं?

क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला बेसबॉलचं मैदान सुरुवातीला चकवतं. इथे क्षेत्ररक्षण करणारे अकरा नसून नऊ असतात आणि गली, पॉइंट, लाँग ऑन अशी फिरवाफिरव फारशी नसते.

मधल्या मातीच्या उंचवट्यावर पिचर उभा राहतो. त्याच्यापासून होम प्लेट 60 फूट 6 इंच दूर. बॅटरच्या मागे उकिडवा बसलेला तो कॅचर. त्याला यष्टिरक्षक म्हणायचा मोह होतो, पण त्याचं काम त्याहून मोठं आहे. पुढचा चेंडू कसा टाकायचा याची खूण सहसा तोच पिचरला करतो. बाकी आठ जणांकडे तोंड करून बसणारा तो एकटाच असल्याने सगळं मैदान त्याच्या नजरेत असतं.

पहिल्या बेसवरचा खेळाडू बेसला पाय लावून सहकाऱ्यांचे थ्रो झेलतो. चेंडू बॅटरच्या आधी तिथे पोचला, की बॅटर बाद. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसजवळही एकेक जण असतो. मग त्या दोघांच्या मधला कोण? तो शॉर्टस्टॉप. त्याला स्वतःचा बेस नसतो, तरी माझ्या मते इनफील्डमधली सगळ्यात अवघड जागा हीच. उजव्या हाताच्या बॅटरचे बरेच सरपटी फटके त्याच बाजूला येतात, आणि तिथून पहिला बेस लांब पडतो. डावखुऱ्याला चेंडू उचलून, अंग वळवून मग फेकावा लागतो. तेवढ्यात बॅटर पोचतो. म्हणून दुसरा बेस, तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप इथे डाव्या हाताने फेकणारे जवळजवळ दिसतच नाहीत. पहिल्या बेसवर मात्र ते खुशाल खेळतात.

धावफलकाच्या वहीत प्रत्येक जागेला क्रमांक असतो: पिचर 1, कॅचर 2, तीन बेसवाले 3 ते 5, शॉर्टस्टॉप 6. ‘6-4-3’ म्हणजे शॉर्टस्टॉपने चेंडू दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्यावर गेला आणि एका फटक्यात दोघे बाद झाले.

मागे गवतावर 7, 8, 9: लेफ्ट, सेंटर, राइट. ही डावी-उजवी बाजू होम प्लेटवरून बघायची. सेंटरवाल्याला सर्वाधिक धावावं लागतं, तर राइटवाल्याचा हात दणकट हवा, कारण तिसरा बेस त्याच्यापासून फार दूर.

दहावा माणूसही असतो, पण तो क्षेत्ररक्षण करत नाही. पिचरऐवजी फक्त फलंदाजी करणारा ‘डेझिग्नेटेड हिटर’ अमेरिकन लीगने 1973 मध्ये आणला. नॅशनल लीगने तो कायमचा स्वीकारला 2022 मध्ये. जपानचा शोहेई ओहतानी दोन्ही कामं करतो, त्याचं एवढं कौतुक होतं ते त्यामुळेच.