कसब्यातून मॉरिशसला

कसबा गणपतीला नमस्कार करून निघालेल्या पुणेकराला हिंदी महासागरातले मॉरिशस परके वाटायचे नाही. बेट लहानसे, जेमतेम ६५ किलोमीटर लांब. प्रवासी बहुधा किनाऱ्यावरच रमतात. आपण मात्र आधी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट पाहावा. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर इथे येऊ लागले. त्यांत कोकणातले मराठीही होते. पुढे घाटाच्या १६ पायऱ्या चढून कितीतरी जण आत गेले. त्यांच्या वंशजांच्या घरांत आज बहुधा क्रिओल बोलतात; मराठी शाळेत शिकावी लागते. पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तिथे अजून नाचतात. समुद्रापलीकडे एवढे टिकले. मग घरात मराठी टिकवायला आपल्याला काय आडवे येते?