जावा आज्ञावलीतील जोडणी : नोंद कोठे करावी?

मोठी संगणकीय आज्ञावली अनेक घटकांच्या सहकार्याने चालते. समजा, एखाद्या नगरपालिकेसाठी पाणीपट्टीची आज्ञावली जावा भाषेत लिहावयाची आहे. तीत एक क्लास आकारणी करतो, दुसरा ग्राहकांची माहिती सांभाळतो व तिसरा सूचनापत्रे धाडतो. आकारणीच्या क्लासने उरलेले दोन घटक स्वतःच निर्माण केले, तर तो त्यांच्याशी कायमचा बांधला जातो. उद्या पत्राऐवजी मोबाइलवर संदेश पाठविण्याचे ठरले, तर हिशोबाशी संबंध नसतानाही त्याच क्लासमध्ये फेरफार करावा लागतो.

हे टाळण्यासाठी आवश्यक घटक क्लासला बाहेरून पुरविण्याची पद्धत प्रचारात आली. हीच ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ होय. मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखामुळे हे नाव रूढ झाले. मात्र कोणता घटक कोणास पुरवावा, याची नोंद कोठेतरी करावीच लागते. ती कोठे करावी, हाच खरा प्रश्न आहे.

एक्सएमएलची स्वतंत्र यादी

मार्च २००४ मध्ये ‘स्प्रिंग’ या जावा चौकटीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ही नोंद एक्सएमएल फाइलमध्ये होत असे. सर्व जोडणी एका जागी दिसते, मूळ क्लासला हात लावावा लागत नाही आणि फाइल वेगळी ठेवली असल्यास पुन्हा कंपाइल न करता बदल करता येतो, हे तिचे गुण होत. परंतु या फाइलमध्ये क्लासची नावे केवळ मजकूर म्हणून असतात. एका अक्षराची चूक कंपायलरच्या नजरेस येत नाही; ती आज्ञावली सुरू करतानाच उघडकीस येते. शिवाय प्रणाली वाढते तशी यादीही लांबत जाते.

क्लासवरील टीप

२००४ मध्येच जावाच्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅनोटेशनची, म्हणजे ‘@’ चिन्हाने सुरू होणाऱ्या टिपेची, सोय झाली. नोव्हेंबर २००७ मधील स्प्रिंग २.५ मध्ये क्लासवर ‘@कंपोनंट’ व जोडणीच्या जागी ‘@ऑटोवायर्ड’ लिहिणे शक्य झाले. नोंद व क्लास एकत्र आल्याने लिखाण कमी झाले आणि क्लासचे नाव दोन ठिकाणी सांभाळण्याचे काम सुटले.

तथापि ही पद्धतही निर्दोष नव्हे. जोडणीचा नकाशा असंख्य फाइलींत विखुरला जातो. ज्या क्लासचा मूळ मजकूर आपल्या हाती नाही, त्यावर टीप लिहिता येत नाही. एकाच कामासाठी पत्र व संदेश असे दोन घटक उपलब्ध असतील, तर निवड ‘@क्वालिफायर’ वा ‘@प्रायमरी’ने स्पष्ट करावी लागते, अन्यथा आज्ञावली सहसा सुरूच होत नाही.

निवड कशी करावी?

डिसेंबर २००९ मधील स्प्रिंग ३.० ने मध्यम मार्ग खुला केला. त्यात ‘@कॉन्फिगरेशन’ हा शिक्का असलेल्या जावा क्लासमध्येच जोडणी लिहिली जाते. यादी एकत्र राहते, परक्या क्लासचीही नोंद होते आणि नावांची तपासणी कंपायलर करतो.

यावरून सर्वसाधारण नियम असा सांगता येईल : स्वतः लिहिलेल्या नित्याच्या घटकांसाठी टीप, परक्या घटकांसाठी जावा क्लास आणि कंपाइल न करता बदलावयाच्या जोडणीसाठी एक्सएमएल. माहितीसाठ्याचा पत्ता व परवलीचा शब्द यांसारख्या स्थळपरत्वे बदलणाऱ्या बाबी मात्र क्लासमध्ये लिहू नयेत. त्या स्वतंत्र ठेवाव्यात.

जुन्या प्रणालींत एक्सएमएल आजही आढळते. तेथे दोन्ही पद्धती एकत्र नांदत असतील, तर एक गोष्ट ध्यानी ठेवावी : एकाच गुणधर्माची जोडणी दोहोंकडून झाल्यास स्प्रिंग आधी टिपेची व नंतर एक्सएमएलची अंमलबजावणी करते; म्हणजेच अखेरीस एक्सएमएलचा शब्द चालतो. हे ठाऊक नसलेला नवा कर्मचारी क्लासवरील टीप वारंवार बदलत राहील व परिणाम का दिसत नाही म्हणून चकित होईल. म्हणून पद्धत कोणतीही असो, ती संपूर्ण प्रणालीत एकसारखी असावी व लेखी नोंदविलेली असावी. आज्ञावली लिहिणारा बदलून जातो. ती चालविण्याची जबाबदारी मात्र मागे राहणाऱ्यांवर असते.